मैनाबाईंची गोड विहीर

परवा आमच्या अमरावतीच्या घरी यजमानांचे एक स्नेही भर उन्हातून आले. पाहुण्यांसमोर मी सहसा बोलत नाही. पाणी आणायला वळले आणि तोंडातून निघून गेले, "तहान केवढी आहे?"

यजमानांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. पाहुणे मात्र सज्जन होते. क्षणभर विचार करून म्हणाले, "मध्यम असावी." मी मधला गडवा भरून दिला. त्यांनी तो बुडापर्यंत संपवला, खाली ठेवला आणि म्हणाले, "बरोबर एवढीच होती."

हा प्रश्न माझा नाही. अकोल्याच्या मैनाबाईंचा आहे. त्यांच्या घरी रांजणाशेजारी लहान, मधला आणि मोठा असे गडवे पालथे घातलेले असत. दारात आलेला माणूस व्याही असो की दलाल, त्याला आधी हा प्रश्न विचारला जाई. मोठी तहान सांगणाऱ्याला मोठा गडवा मिळे आणि तो संपेपर्यंत मैनाबाई समोर उभ्या राहत. पाणी उरले आणि पाहुण्याने सवयीने ते अंगणात फेकायला हात उचलला, की त्या शांतपणे आपला हात पुढे करीत.

"आना इकडं. तुमची तहान खोटी होती, पानी खरं हाय."

आम्ही अकोल्याला गेलो तेव्हा मी सोळा वर्षांची होते. माझे वडील, त्यांना मी अप्पा म्हणते, कापूस खरेदी करणाऱ्या एका इंग्रज पेढीत दुभाषी होते. आम्ही मुंबईत असताना त्यांनी मला मडमांच्या शाळेत घातले होते. तिथे सगळे इंग्रजीतच चाले, प्रार्थना आणि शिक्षासुद्धा. लग्न झालेले होते, पण यजमानांचे शिक्षण मुंबईत चालू होते, म्हणून मी वडिलांकडेच राहत होते. आई नव्हती. अप्पा पेढीवर गेले की मी दिवसभर घरात एकटी असे, आणि खरे सांगायचे तर मला ते बरे वाटे.

मैनाबाईंचे घर आमच्या घराला लागून होते. मधल्या भिंतीत एक बुटके दार होते आणि दारापलीकडे त्यांची विहीर. आमच्या घराला विहीर नव्हती. दोन्ही वेळचे पाणी मी त्या दारातून आणत असे, त्यामुळे मला कितीही एकटे राहावेसे वाटले तरी मैनाबाईंची भेट चुकत नसे.

पहिल्या दिवशी त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. नंतर माझ्या घागरीकडे पाहिले.

"तू ते इंग्रजी शिकलेली पोरगी हाय ना?"

मी मान हलवली.

"मंग बोलत काहून नाही? का मराठी इसरली?"

मी पुन्हा मान हलवली. त्या हसल्या. त्या दिवसापासून मी 'मडमीण' झाले. गल्लीतल्या सगळ्या बायका मला त्याच नावाने ओळखू लागल्या, आणि माझे खरे नाव मैनाबाईंना ठाऊक होते की नाही, याची मला आजही खात्री नाही.

ते कापसाच्या तेजीचे दिवस होते. अमेरिकेत लढाई पेटली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता, आणि आमच्या काळ्या मातीतल्या रुईला कोणी स्वप्नात पाहिला नव्हता असा भाव आला होता. बैलांच्या शिंगांवर चांदी चढली. ज्यांच्या घरी सणाला गोड होत नसे, त्यांच्याकडे रोजच्या ताटात साखर दिसू लागली. मैनाबाईंचे यजमान सोनाजी यांची जमीन पूर्णेकडच्या खारपाण मुलखात होती. त्या मुलखात जमीन काळीभोर, कापूस भरपूर, पण विहीर खणावी तर पाणी मिठासारखे. मैनाबाई तिथेच जन्मल्या आणि तिथेच दिल्या गेल्या. पिण्यापुरते गोड पाणी दूरच्या झिऱ्यावरून डोक्यावर आणायचे, आणि बाकी सगळे खाऱ्यात. डाळ शिजत नसे, केसांच्या जटा होत, धुतलेले लुगडे वाळले की पापडासारखे उभे राही.

पैसा आला तेव्हा सोनाजींनी बायकोला विचारले, "काय करू तुले? पुतळ्याची माळ करू का गोठ करू?"

"गोड पान्याची इहीर करा," मैनाबाई म्हणाल्या.

सोनाजींना वाटले, थट्टा करते आहे. पण दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर आले, आणि त्या वर्षाच्या दिवाळीतही. गावात कितीही खणले तरी गोडे पाणी लागणार नव्हते. शेवटी सोनाजींनी अकोल्यात गोड्या विहिरीचे हे घर घेतले. मागे रुईची वखार बांधली आणि त्यांचा मुलगा किसन तिथून माल पाठवू लागला. लग्नाकार्यात इतर बायका गळ्यापर्यंत सोन्याने मढून येत. मैनाबाईंच्या गळ्यात काळी पोत तेवढी असे. कोणी टोमणा मारलाच तर त्या म्हणत, "माहा दागिना अंगावर मावत नाही, बाई."

दागिन्याची त्या राखणही तशीच करीत. रहाटाखाली, ओढून वर आलेल्या दोराचे पाणी जिथे गळते तिथे, त्यांनी एक तांब्याची परात ठेवली होती. कडेला चिरलेली आणि डाग लावून सांधलेली जुनी परात. दिवसभरात थेंब थेंब पाणी तिच्यात जमे आणि संध्याकाळी त्यावर चिमण्या येत. पोहऱ्याला गळती लागली तर मैनाबाई स्वतः लोहाराकडे जाऊन बसत. सूर्य मावळला की दोर गुंडाळून ठेवीत. "आता तिले भरू द्या," म्हणत. विहिरीबद्दल त्या नेहमी अशाच बोलत, दिवसभर दूध देऊन दमलेल्या गाईबद्दल बोलावे तशा.

घरात पाणी एकदा आले की ते लगेच बाहेर जात नसे. तांदळाच्या धुवणात भाजी धुतली जाई, भाजीच्या पाण्यात कढई भिजत घातली जाई, आणि ते मिरचीच्या आळ्यात जाई. ताक संपलेले मडके विसळले की ते विसळवण डाळीत. न्हाणीच्या दगडाखालून एक बोटभर रुंदीची चर काढलेली होती, ती थेट केळीच्या बुडाशी. सोनाजींनी अंगावर पाणी जास्त घेतले, की बाहेरून आवाज येई, "केळीले आज तहान नाही!"

सोनाजी एकदा माझ्या वडिलांजवळ कुरकुरले. "काय सांगू तुमाले, अप्पासाहेब? खाऱ्या पान्यात होतो तवा मनसोक्त आंघोय करत होतो. गोड पानी भेटलं आन् आंघोय गेली."

"पाव्हना घरात आला तर त्याले लगेच मांगच्या दारानं काढून देते का कोनी?" मैनाबाई आतून म्हणाल्या. "फिरवून आना त्याले घरभर. मंग जाऊ द्या."

हे सगळे मी सांगते आहे त्यावरून त्या कंजूष होत्या असे वाटेल. तशा त्या नव्हत्या. गावाबाहेरच्या वस्तीतल्या बायकांना आमच्या गल्लीतल्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. त्या येऊन दूर उभ्या राहत. हा नियम मैनाबाईंनी मोडला नाही, आणि तो मोडावा असे त्या वेळी माझ्याही मनात आले नाही. पण त्या स्वतः पोहरा ओढून त्यांच्या घागरीत वरून पाणी ओतीत, आणि त्यांच्या घागरी काठोकाठ भरीत. आमच्या घागरी मात्र गळ्यापर्यंतच भरू देत. समोरच्या दलालांच्या पत्नीने एकदा याबद्दल नाक मुरडले.

"तुमाले बुटकं दार हाय, कवाही येता," मैनाबाई म्हणाल्या. "त्याइले कोठं हाय दार?" बुटके दार आमच्या घराला होते, दलालांच्या नव्हे, पण दलालांच्या पत्नीला काय ते समजले.

एक दिवस पेढीचा साहेब घोड्यावरून वखारीतली रुई पाहायला आला. अप्पा बाहेरगावी होते. किसनने मला बोलावणे पाठवले. मी दाराआड उभी राहून दुभाषीपणा केला. माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता. साहेबाचे तोंड उन्हाने लाल झाले होते. त्याने पाणी मागितले. मैनाबाई गडव्यांपाशी गेल्या आणि मला म्हणाल्या, "त्याले इचार, तहान केवढी."

मी दाराआड आणखी सरकले.

"इचार ना वं! तुह्याच भाषेत सांगनं हाय."

मी विचारले. साहेबाला आधी समजले नाही. मग त्याने टोपी काढली, हसला, आणि दोन्ही हातांनी मोठ्या गडव्याचा आकार दाखवला. तेवढ्यात किसनने घोड्यासाठी पाण्याने भरलेले घमेले आणलेले पाहून साहेब काहीतरी म्हणाला.

"काय म्हनते?"

"म्हणतात, घोड्याला न विचारता एवढे दिले."

"सांग त्याले, घोड्याले बोलता येत नाही. जो बोलते त्याले इचारतो आमी."

मी हे इंग्रजीत कसे सांगितले ते आठवत नाही. साहेबाने गडवा मात्र शेवटच्या थेंबापर्यंत संपवला, आणि जाताना घोड्याच्या घमेल्यात उरलेले पाणी स्वतः उचलून मिरचीच्या आळ्यात ओतले. मैनाबाई त्या साहेबाला पुढे कधी वाईट बोलल्या नाहीत.

दुपारी कामे आटोपली की त्या विहिरीच्या कठड्याशी बसून मला काहीबाही विचारीत. शाळेत काय शिकवले, म्हणाल्या. मी इंग्लंडच्या नद्यांची नावे पाठ म्हणून दाखवली. ती आम्हाला एका दमात म्हणावी लागत. त्यांनी कीर्तन ऐकावे तशी सगळी ऐकून घेतली.

"एवढ्या नद्या हाय तेथं?"

"हो. आणि वर्षभर पाऊस."

"मंग ते अठी काहून आले?" त्या म्हणाल्या.

या प्रश्नाचे उत्तर शाळेत शिकवले नव्हते.

रंगपंचमीची गोष्ट तर गल्लीत अजून सांगत असतील. समोरच्या दलालांनी तेजीच्या भरात अंगणात हौद बांधून घेतला आणि पळसफुलांचे पाणी त्याच्या काठापर्यंत भरले. ते पाणी त्यांनी मोरणा नदीवरून गाड्यांनी आणवले होते, म्हणून मैनाबाईंना बोलायला जागा नव्हती. त्या दिवसभर दाराबाहेर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र डोक्यावर जुन्या धोतरांचे आणि परकरांचे गाठोडे घेऊन दलालांच्या अंगणात हजर झाल्या. हौदात अजून निम्मे केशरी पाणी होते.

"फेकनारच हाय ना तुमी?" त्या म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न पाहता पहिले धोतर बुडवले. ते पाहून दुसऱ्या बायका आल्या. दुपारपर्यंत गल्लीतल्या सगळ्या दोऱ्यांवर केशरी कपडे होते. सोनाजी त्या उन्हाळ्यात केशरी धोतर नेसून बाजारात जात, आणि ओळखीचे लोक त्यांना "महाराज, मठ कोठं हाय?" म्हणून विचारीत.

तेजीच्या शेवटच्या उन्हाळ्यात विहीर खाली जाऊ लागली.

तशी ती दर उन्हाळ्यात जाई. पण त्या वर्षी चैत्र लागतो न लागतो तोच पोहरा बुडाला लागल्याचा आवाज येऊ लागला. मैनाबाई कठड्यावर वाकून आत पाहत राहत. त्यांनी आधी घरातले पाणी कमी केले, मग केळीचे. मग एक दिवस, मला वाईट वाटेल अशा बेताने नव्हे, पण स्पष्ट विचारले, "तुमच्याकडं पाव्हने आले का?" कोणी आलेले नव्हते. मी तसे सांगितले, आणि त्या दिवसापासून घरी एक घागर कमी नेऊ लागले. विहीर तरीही उतरतच राहिली.

"कोनीतरी पिऊन राह्यलं तिले," त्या म्हणत. हे त्या इतक्या हळू आवाजात म्हणत, की मला त्यांच्याकडे पाहवत नसे. आटली तर गल्लीतल्या लोकांनी आणि बाहेरच्या वस्तीने कुठे जावे, ही काळजी तर होतीच. पण विहिरीपाशी त्यांचा चेहरा आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या बाईसारखा होई.

एका दुपारी मी पाणी न्यायला गेले तर त्या विहिरीपाशी नव्हत्या. वखारीच्या मागून हाक आली.

"मडमीण, अठी ये. पाह्य हे."

वखारीच्या मागच्या भिंतीच्या बुडाशी गवत उगवले होते. ऊन असे, की जमिनीला हात लावता येत नव्हता. सगळा परिसर भाजून निघालेला, आणि तिथे वीतभर लुसलुशीत हिरवे गवत. मैनाबाई उकिडव्या बसून त्यावरून हात फिरवत होत्या. चेहऱ्यावर नवल होते, थोडा आनंदही.

"हे कोनाच्या पान्यावर जगून राह्यलं?"

भिंतीच्या फटीतून ओलावा पाझरत होता. मैनाबाई फटीकडे पाहत राहिल्या. मग उठल्या, वळसा घालून वखारीच्या दाराशी गेल्या आणि कडी काढली. मी त्यांच्यामागे उंबऱ्याबाहेर थांबले.

आत रुईचे ढीग होते आणि भरलेले बोरे, म्हणजे मोठाली पोती. कोपऱ्यात पाण्याने अर्धे भरलेले पिंप, आणि त्यावर शिंपडायचा कडुनिंबाचा डहाळा. मैनाबाईंनी एका ढिगात कोपरापर्यंत हात खुपसला. बाहेर काढला तेव्हा बोटांना ओली रुई चिकटली होती. त्यांनी ती तोंडाला लावली आणि चोखली.

"गोड हाय," त्या म्हणाल्या. "माह्या इहिरीचं हाय."

रुईवर पाणी मारणे हे त्या दिवसांत गुपित नव्हते. ओली रुई वजनाला भरते. अप्पा पेढीवरून आले की कंटाळून सांगत, की आजही बोरे ओलाव्याने आतून तापलेले निघाले. पण एक गोष्ट मला त्या क्षणी कळली. खारे पाणी मारले तर रुई वाळल्यावर तिच्यावर पांढराफटक मिठाचा थर दिसतो आणि घेणारा तो बोटाने ओळखतो. अकोल्यात ज्याला हे काम करायचे, त्याला गोडेच पाणी लागते. ज्या विहिरीतून मैनाबाई एक थेंब वाया जाऊ देत नव्हत्या, ती विहीर त्यांचाच मुलगा, दुपारी सगळे आडवे झाले की, रुईत ओतत होता.

त्या ओरडल्या नाहीत. संध्याकाळी किसन आला तेव्हा विहिरीच्या कठड्यावर बसून राहिल्या.

"माय, सारेच मारते पानी," किसन म्हणाला. तो वाईट मुलगा नव्हता. आईशी बोलताना त्याची मान खालीच होती. "न मारनाऱ्याचंच नुकसान. तुले बाजार समजत नाही."

"सारे मारते तं मारू दे. त्याइच्या माईनं इहीर मांगली नव्हती."

"माल या हप्त्यात मुंबईच्या वाटेनं लागला पाह्यजे."

"वाळला की लागीन."

मग त्या सोनाजींकडे वळल्या. ते ओट्यावर चिलीम हातात धरून बसले होते.

"तुमाले ठाऊक होतं?"

सोनाजींनी विहिरीकडे पाहिले. मग त्यांनी चिलीम ठेवली, वखारीत गेले आणि दोन्ही हातांच्या कवेत मावेल तेवढी रुई घेऊन बाहेर आले. ती त्यांनी अंगणात पसरली, आणि पुन्हा आत गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गल्लीतल्या बायका आल्या. कोणालाही काही सांगितले गेले नाही. "रुईले ऊन देऊन राह्यलो," एवढेच मैनाबाई म्हणत. बोरे फोडले गेले. अंगणात, धाब्यावर, खाटांवर, आमच्या घराच्या ओट्यावर, जिथे जागा तिथे रुई पसरली. आतली रुई तापून गोळा झालेली होती. ती बोटांनी पिंजून मोकळी करावी लागत होती. त्या कामात मीही बसले. वाऱ्याने रुई उडून कडुनिंबाच्या झाडाला, बायकांच्या पदरांना, मिरचीच्या रोपांना लागली. येणारे-जाणारे थांबून पाहत. किसन घराबाहेर निघाला नाही. मैनाबाई ढिगामागून ढीग उलटे करीत होत्या, आणि मधूनच मूठभर रुई गालाला लावून पाहत होत्या, वाळली का म्हणून.

रुई वाळली, आणि विहीरही थोडी वर आली. दोन्ही गोष्टी मी पाहिल्या. पोहरा पुन्हा बुडू लागला त्या दिवशी मैनाबाईंनी केळीला पूर्ण गंगाळभर पाणी घातले. त्याच दिवशी दुपारी अप्पा पेढीवरून लवकर घरी आले.

अमेरिकेतली लढाई संपली होती. मुंबईहून बातमी आली होती आणि भाव कोसळला होता. पेढीने खरेदी थांबवली होती. सगळ्यांनीच थांबवली होती. अप्पा बुटक्या दारातून पलीकडे गेले आणि त्यांनी सोनाजींना आणि किसनला हे सांगितले. किसन भिंतीला टेकून खाली बसला. वखारीत कोरडी, शुभ्र रुई छतापर्यंत होती.

"चार दिवस आधी गेला असता माल," तो म्हणाला. आईकडे न पाहता म्हणाला.

मैनाबाईंनी अप्पांना विचारले, "लढाई थांबली म्हन्जे मानसं मरायचे थांबले?"

"हो, मैनाबाई."

"मंग चांगलं झालं म्हना," त्या म्हणाल्या. पण त्या तिथून लगेच उठल्या आणि काही काम नसताना विहिरीशी जाऊन उभ्या राहिल्या.

त्या रात्री जेवताना अप्पा मला म्हणाले, की ओला असता तरी तो माल पेढीने घेतला असता. त्या दिवसांत कोणाचाच माल परत जात नव्हता. हे मी कोणाला सांगितले नाही. पण मैनाबाईंनी एकदा घागर माझ्या कमरेवर ठेवता ठेवता विचारलेच.

"तुह्या बापाच्या सायबानं घेतला असता का तो माल?"

मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिले.

"घेतला असता मंग," त्या म्हणाल्या, आणि घागरीवर हलकेच हात ठेवला. "जाय. सांडू नको."

पावसाळा गेला. त्या वर्षी आमच्या गल्लीतली बरीच घरे विकली गेली. समोरच्या हौदात शेळ्या बांधलेल्या दिसू लागल्या. सोनाजींना जमीन राखायची तर अकोल्याचे घर काढणे भाग होते, आणि घराबरोबर विहीरही जाणार होती. ही गोष्ट बायकोला कशी सांगावी, या विचारात ते आठवडाभर अंगणात फेऱ्या घालत होते. शेवटी मैनाबाईंनीच विषय काढला, आणि तोही मिरच्या निवडता निवडता.

"काहून फिरून राह्यले? इकून टाका. वक्त आला की बायकाइचे दागिने इकतेतच. माहा बी इका."

किसन तिथेच होता. त्या दिवसापासून सकाळचे पाणी तो ओढू लागला. आईच्या हातातून दोर घेई आणि तिच्यासारखाच, पोहरा कठड्यावर आपटू न देता वर काढी.

त्या गेल्या ती सकाळ थंडीची होती. गाडीत भांडी, गोधड्या आणि धान्याची पोती रचली होती. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. बाहेरच्या वस्तीतल्याही आल्या होत्या आणि नेहमीसारख्या दूर उभ्या होत्या. मैनाबाईंनी त्यांच्या घागरी त्या दिवशीही काठोकाठ भरून दिल्या. मग बैलांना मन भरेपर्यंत पाजले. त्यांना तहान विचारायची नव्हती.

कोणीतरी म्हणाले, "मैनाबाई, एक घागर गोडं पानी संगं घ्या. वाटेले होईन, घरी होईन."

"नको वं," त्या म्हणाल्या. "ते संपेपर्यंत जीभ लाडावते. मंग खारं पानी अजून खारं लागीन."

त्या गाडीत बसल्या. माझ्याकडे पाहून हसल्या. गाडी हलली, कडुनिंबापर्यंत गेली आणि थांबली. मला वाटले, विहीर एकदा पाहायची असेल. पण त्या पाठमोऱ्याच होत्या. भांड्यांच्या ढिगात वाकून काहीतरी ओढत होत्या. ओढून काढली ती डाग लावलेली तांब्याची परात. गड्याने चुकून भांड्यांबरोबर भरली होती.

"मडमीण!"

मी धावत गेले.

"हे घराचं नाही, इहिरीचं हाय," त्या म्हणाल्या आणि परात माझ्या हातात दिली. "ठेव जाय जाग्यावर. दोर ओला हाय अजून."

मी परात छातीशी धरून पळत परत आले आणि रहाटाखाली, मातीत तिचा गोल उमटलेला होता तिथे, ठेवली. पहिला थेंब तांब्यावर वाजला, तेव्हा मी मागे वळून पाहिले. गाडी वळणाआड गेली होती.